शांभवीचा उजवा डोळा

नवी पेठ, सोलापूर
५ मे २०२५

मावशीस शरणार्थ.

गुरुच्या लग्नाची पत्रिका पोचली. तुझ्या पोराचं लग्न आणि मी यायची नाही, असं कसं होईल? सोमवारी शांभवीला घेऊन येते. मृत्युंजय दुकान सोडून निघणार नाहीत, लगीनसराई आहे. त्यांच्या आई, अव्वा, पण इथंच राहतील.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि गुरुकडं निरोप दिला तर तो निम्मा विसरतो, म्हणून हे लांबलचक लिहिते. नीट वाच की.

शांभवीच्या उजव्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू होता, हे तुला ठाऊक आहे. मार्चमध्ये पुण्याला ऑपरेशन झालं. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे संपलं. तसं नाही. डोळ्यातलं भिंग काढून टाकलं, आता त्या जागी बाहेरून भिंग पाहिजे. म्हणून बुबुळावर एवढीशी लेन्स बसवतात. ती असली तरच तिला त्या डोळ्यानं धड दिसतं, नाहीतर सगळं धुकं. दुसरा डोळा चांगला आहे, त्यामुळं मेंदू आळशीपणा करतो, चांगल्याच डोळ्यानं बघतो. म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी. डोळ्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, डोळा बघायला शिकतो तो याच महिन्यांत. आत्ता शिकला नाही तर पुढं कितीही चांगला चष्मा लावा, उपयोग नाही.

लेन्स आठवडाभर डोळ्यातच असते. दर रविवारी मी काढते, औषधाच्या पाण्यात धुते, परत घालते. तिला दुपट्यात गुंडाळून, मांडीत दाबून. मावशी, ती इतकी रडते की मला माझीच लाज वाटते. आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोबाईलची बॅटरी बाजूनं मारून लेन्स जागेवर आहे का बघायचं, वहीत टिक करायची.

लेन्स पारदर्शक असते. असली-नसली वरवर कळत नाही. एक आधीच हरवली, रिक्षात. आता जादाची नाही. नवी बाहेरून मागवावी लागते, तीन आठवडे जातात.

तेव्हा हात जोडून सांगते. काजळ नको. बेसन नको. धुरी नको. आणि अंघोळ मीच घालीन. रागावू नकोस.

तुझी
राजेश्वरी


बार्शी
९ मे २०२५

चि. राजेश्वरी, आशीर्वाद.

हातभर पत्र आलं. वाचलं, दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. निवृत्त झाले म्हणून काय अक्षर विसरले नाही अजून.

लई शहाणी झालीस बाई. या गल्लीतली निम्मी पोरं माझ्या पायांवर न्हाऊन वाढली. तुला स्वतःला मी न्हाऊ-माखू घातलंय, तुझी आई बाळंतपणात तापानं पडलेली तेव्हा. तुझं नाक एवढं धारदार कुणामुळं? दाबून दाबून मी केलं ते! आता मला सांगतीस, बेसन नको.

पण जाऊ दे. तू म्हणतीस तसं. मी तुझ्या पोरीला हात लावणार नाही, म्हणजे घेणार, पापे घेणार, पण मोरीत नेणार नाही. दिला शब्द.

एक मात्र पटलं नाही. पोरीच्या डोळ्यावर पट्टी लावून लग्नात आणू नकोस गं. बायका विचारतात, काय झालं, काय झालं. नवरीकडची माणसं नवीन आहेत. मांडवात असताना काढ, नंतर लाव. तेवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?

दिपालीच्या, म्हणजे आपल्या नव्या सूनबाईच्या, घरचे लोक मोठे हौशी आहेत. साडी बरी आण. बारशाची नेसू नकोस, ती सगळ्यांनी बघितलीय.

ऊन फार आहे. सकाळच्या गाडीनं निघ.

तुझी मावशी
गिरिजाबाई


नवी पेठ, सोलापूर
२० मे २०२५

मावशी,

लग्न छान झालं, दिपाली गोड आहे, हे सगळं मी नंतर सविस्तर लिहीन. आज लिहिण्यासारखी माझी स्थिती नाही, पण दुसऱ्या कुणाशी बोलणार?

लेन्स हरवली.

परवा रविवारी दुपारी काढायला बसले. पापणी वर केली, खाली केली, बॅटरी मारली. काहीच नाही. गादी झटकली, दुपटी झटकली, पाळण्याची दोरीसुद्धा चाचपली. मृत्युंजयनी दुकानातल्या मुलींना वर बोलावलं, आम्ही पाचजणी फरशीवर रांगत होतो.

आम्ही गुरुवारी तुझ्याकडून परत आलो. शुक्रवारपासून अंघोळ अव्वा घालताहेत. शनिवारी संध्याकाळपर्यंत वहीत टिका आहेत. म्हणजे रविवारी सकाळच्या अंघोळीतच गेली, दुसरं काही असूच शकत नाही. मी किती वेळा सांगितलं होतं, डोळ्यापाशी हात नेऊ नका. पण त्यांना तेल चोळल्याशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटतच नाही.

मृत्युंजय त्यांना फार बोलले. खाली गिऱ्हाईक होतं, सगळं ऐकू गेलं असणार. आपल्या आईला ते कधी असं बोललेले मी ऐकलं नव्हतं. अव्वा एवढंच म्हणाल्या, “आगिरबेकु.” म्हणजे, झालं असेल. बस्स. ना रडल्या, ना भांडल्या. मला त्याचाच जास्त राग आला. एवढी मोठी गोष्ट, आणि नुसतं झालं असेल?

आता अंघोळ मी घालते. अव्वांना मी सांगितलंय, शांभवीला आत्ता घेऊ नका.

नवी लेन्स मागवलीय. तोवर एका बाजूला जाड भिंगाचा छोटा चष्मा दिलाय, तो तिच्या नाकावर दोन मिनिटं टिकत नाही. मॅडमनी लेन्स यायची तारीख बघितली आणि म्हणाल्या, लवकर येऊ दे. एवढंच म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा मी बघितला.

तुझ्याकडं असताना काही जाणवलं नव्हतं ना तुला? मी आपली विचारते.

राजेश्वरी


बार्शी
२६ मे २०२५

चि. राजेश्वरी,

पत्र मिळालं. लगेच लिहिणार होते, पण लग्नाची आवराआवर, मांडववाल्याची भांडी, पाहुण्यांची पांघरुणं, यात दिवस गेले. दिपालीला अजून घरातलं काही ठाऊक नाही, तिला हळद कुठं आहे इथपासून दाखवावं लागतं.

वाईट वाटलं. पण जीवाला इतकं लावून घेऊ नकोस. तीन आठवडे म्हणजे काय गं, बघता बघता जातील. नवी येईल. पोर लहान आहे, भरून निघेल. आपल्या वेळी कुठं होत्या असल्या लेन्सा, जगलोच की आपण.

तू विचारतीस म्हणून. इथं पोर मजेत होती. हसत होती. मला काही वेगळं दिसलं नाही.

तुझ्या सासूला मी नावं ठेवत नाही. भल्या बाई आहेत. पण वय झालं की बोटांना कळत नाही, राजेश्वरी. काय लागलं, काय निसटलं, समजत नाही. जुन्या बायकांना आपल्या हाताचा फार अभिमान असतो, तोच नडतो. नव्या गोष्टी त्यांच्या हाती द्यायच्याच नसतात. तू आता अंघोळ घालतीस ते बरं केलंस.

जावईबापूंना म्हणावं, आईला फार बोलू नका. म्हातारं माणूस आहे.

माझी तब्येत ठीक. जेवण जात नाही, उन्हामुळं असेल.

गिरिजामावशी


नवी पेठ, सोलापूर
८ जून २०२५

मावशी,

परवा लेन्स आली. काल मॅडमकडं जाऊन बसवून आणली. दिवस मोजले तर घरात लेन्स नसलेले एकोणीस दिवस झाले.

तपासणी चांगली झाली नाही. लग्नाच्या आधी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली की ती उजव्या डोळ्यानं समईची ज्योत बघायची, मी इकडून तिकडं चालले की मान वळवायची. मी रडले होते त्या दिवशी आनंदानं. आता पट्टी लावली की नुसती रडते, आणि थकून झोपते. समोर काही धरलं तरी नजर ठरत नाही. मॅडम म्हणाल्या, शिकलेलं मागं गेलंय, पट्टीचे तास वाढवा. मी विचारलं, परत येईल का. त्या म्हणाल्या, प्रयत्न करायचा. डॉक्टर लोक असं म्हणतात तेव्हा काय समजायचं असतं?

घरी येऊन मृत्युंजयना सांगितलं. ते तसेच अव्वांच्या खोलीत गेले. तुझं पत्र मी त्यांना आधी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, “बार्शीच्या मावशीसुद्धा तेच म्हणतात. तुमच्या हाताचा अभिमान नडला. माझ्या पोरीचा डोळा गेला.”

आज सकाळी अव्वा गेल्या. अक्कलकोटजवळ त्यांचे भाऊ आहेत, वीरभद्रप्पा मामा, त्यांच्याकडं. एक पिशवी घेतली. शांभवी पाळण्यात होती. तिच्याजवळ गेल्या, दोन्ही हात पाठीमागं बांधून उभ्या राहिल्या आणि नुसतं बघितलं. हात पाठीमागं, मावशी. लहान मुलांना दुकानात काचेच्या वस्तूंजवळ उभं करतात तसं.

मी “राहा” म्हटलं नाही. म्हणायला पाहिजे होतं का? तू मोठी आहेस, तू सांग. मला झोप लागत नाही.

राजेश्वरी


बार्शी
१२ जून २०२५

राजेश्वरी,

हे पत्र जावईबापूंना दाखव. त्यांना दाखवल्याशिवाय फाडू नकोस.

लेन्स मी घालवली.

गुरुवार, पंधरा मे. तुम्ही निघायच्या दिवशी सकाळी तू गुरु-दिपालीबरोबर देवदर्शनाला गेलीस. पोर झोपली होती. उठली तेव्हा लंगोट भरलेला, पाठीपर्यंत सगळं. ओसरीवर नवरीकडच्या दोन बायका आणि आपल्या गल्लीतल्या चौघी बसल्या होत्या. मी म्हटलं, पुसून घेते. तर एकजण हसून म्हणाली, “भाचीनं बंदी घातली व्हय मावशी? तुमच्यावर?” सगळ्या हसल्या. मला झोंबलं. चारचौघींत झोंबलं. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी शोधलं, सापडलं नाही.

मोरीत पाय पसरून बसले, तिला पायांवर घेतलं. बायका दारात बघायला उभ्या. बेसनसुद्धा लावलं. बघा म्हटलं, अंघोळ कशी घालतात. तिच्या डोळ्यात बेसनाचं पाणी गेलं, मी पदरानं डोळा पुसला. जोरानं पुसला असेल. बोटाला काहीतरी चिकटलं, गोल, साईच्या तुकड्यासारखं. मला वाटलं चिपड आहे. झटकलं, आणि वर तांब्याभर पाणी ओतलं.

तू आलीस. विचारलंस, “अंघोळ नाही ना घातलीस?” मी म्हटलं, “नुसतं अंग पुसलं.” त्या बायका तिथंच होत्या. कुणी बोललं नाही, आणि मला वाटलं, वाचले.

तुमची गाडी गेल्यावर दुपारी पडले होते, तेव्हा ते बोटावरचं आठवलं आणि ताडकन उठले. मोरीची जाळी काढली. हात घालून गाळ काढला, चहाच्या गाळणीनं गाळला. दिपालीनं विचारलं, आई काय हरवलं? मी म्हटलं, कानातलं.

नाही सापडली.

तेव्हाच गाडी धरून सोलापूरला यायला पाहिजे होतं. आले नाही. म्हटलं, रविवारी तिला कळेल, ती मला विचारेल, मग सांगीन. तू विचारलंस, पण त्याआधी सासूचं नाव लिहिलं होतंस. ते वाचून मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. आणि वरून मी त्या बाईवर लिहिलं. वय झालं, बोटांना कळत नाही, अभिमान नडतो. ते सगळं मी माझ्याबद्दल लिहीत होते आणि नाव त्यांचं घालत होते. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. खोटं बोललेल्या पोरांना बाकावर उभं करायची मी. कसलं तोंड माझं!

पोरीचे चार दिवस आधीच मी खाल्ले होते. रविवारी कळवलं असतं तर दोष तरी ज्याचा त्याला लागला असता. आता एका आजीनं नातीपुढं हात पाठीमागं बांधले, ते माझ्यामुळं.

मला लाज वाटते. लिहिताना वाटते, जेवताना वाटते. दिपाली “आई” म्हणून हाक मारते तेव्हा वाटते.

माफी मागत नाही. मागायची ती तुझ्या सासूकडं. त्यांच्या भावाचा पत्ता पाठव.

गिरिजाबाई


नवी पेठ, सोलापूर
२९ जून २०२५

मावशी,

उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम. पहिले चार दिवस तुझं नाव घरात काढू दिलं नाही. तुला जे जे बोलावंसं वाटलं ते सगळं मनात बोलून झालं. लिहीत नाही, कारण ते लिहायचा अधिकार मला नाही. का, ते सांगते.

त्या वहीतल्या टिका खोट्या होत्या.

तुझ्याकडं आले त्या सोमवारपासून मी एकदाही बॅटरी मारून बघितलं नव्हतं. आधी लग्नाच्या गडबडीत राहिलं. तू म्हणालीस म्हणून मांडवात पट्टीही काढली, आणि खरं सांगू, फार बरं वाटलं. चार दिवस माझी पोर सगळ्यांच्या पोरांसारखी. घरी आल्यावर परत ती बॅटरी, ती वही, नको वाटलं. उद्या बघू म्हटलं. रविवारी लेन्स नाही हे कळलं तेव्हा मृत्युंजय खाली दुकानात होते. ते वर यायच्या आत मी वही काढली आणि आठवड्याच्या सगळ्या टिका एका बैठकीत केल्या. पेन बदलून बदलून केल्या, मावशी. एवढं सुचलं मला.

टिका केल्यावर उरली फक्त रविवारची अंघोळ. म्हणजे अव्वा. मी त्यांचं नाव घेतलं नाही, वहीनं घेतलं, असं मी स्वतःला सांगत होते.

गुरुवारी रात्रीच बॅटरी मारली असती तर लेन्स शुक्रवारी मागवता आली असती. तू चार दिवस खाल्लेस म्हणतेस. ते आपण दोघींनी वाटून खाल्लेत.

मृत्युंजयना तुझं पत्र दाखवलं आणि वहीचंही सांगितलं. त्यांनी दुकान बंद केलं. मग गाडीची किल्ली घेतली.

गेल्या रविवारी आम्ही तिघं मामांच्या गावी गेलो. मृत्युंजयनी आईच्या पायावर डोकं ठेवलं ते उचललंच नाही, अव्वांना त्यांना धरून उठवावं लागलं. मग मी सांगितलं, वहीचं. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, कारण मराठीत सांगितलं असतं तर मामींना कळलं नसतं आणि मला सगळ्यांपुढं सांगायचं होतं.

अव्वा म्हणाल्या, “गोत्तु.” ठाऊक आहे.

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. शुक्रवारी, शनिवारी त्या माझी वाट बघत होत्या, ही आता बॅटरी लावेल, मग लावेल. रविवारी मी वही घेऊन बसले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या, मी वर बघितलंच नाही. मी म्हटलं, मग बोलला का नाही? त्या म्हणाल्या, “आईनं केलं म्हटलं की पोरगी मोठी झाल्यावरही तेच ऐकत राहते. आजीचं काय, आजी मरून जाते.”

मला तिथं उभं राहवेना. मी गोठ्यामागं जाऊन रडले.

त्या आमच्याबरोबर परत आल्या आहेत. पण शांभवीला अंघोळ घालत नाहीत. मी आग्रह केला, मृत्युंजयनी केला. त्या पाणी काढून देतात, टॉवेल धरतात, आणि मोरीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहतात. पट्टीचे आता पाच तास. डोळ्याचं अजून काही सांगता येत नाही.

तुझं पत्र काल रात्री मी त्यांना कन्नड करून वाचून दाखवलं. पूर्ण, एक वाक्य न गाळता. बेसन, पदर, चहाची गाळणी, सगळं. मला वाटलं होतं, त्या चिडतील. मला हवंही होतं, कुणीतरी चिडायला.

ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “एवढे दिवस त्या बाईला घास कसा गेला असेल गं?”

रागानं नाही, काळजीनं विचारलं. पत्ता मागितला होतास, तो हाच. ये, आणि त्यांच्यासमोर बसून तूच सांग.

राजेश्वरी